कृषीप्रक्रिया उद्योग आणि ग्रामीण विकास : राजधानी प्रदेशातील ऊसपट्ट्याचा अभ्यास

राष्ट्रीय राजधानी प्रदेश म्हटला की नोएडा आणि गुरुग्राम येथील उंच इमारती, मेट्रो आणि द्रुतगती मार्ग डोळ्यांसमोर येतात. परंतु १९८५ च्या नियोजन मंडळ कायद्याने आखलेल्या आणि पुढे वेळोवेळी विस्तारलेल्या या सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशात दिल्लीचा वाटा अवघा १,४८३ चौरस किलोमीटरचा आहे. उरलेल्या भूभागाचा फार मोठा हिस्सा आजही शेतीखाली आहे. हरियाणातील कर्नाल, पानिपत आणि सोनीपत हा बासमतीचा पट्टा. तर उत्तर प्रदेशातील मेरठ, मुझफ्फरनगर, शामली, बागपत, हापुड आणि बुलंदशहर हा गंगा-यमुनेच्या दुआबातील उसाचा पट्टा. देशाच्या राजधानीची बाजारपेठ दाराशी असलेल्या या ग्रामीण भागातील शेतकरी सधन झाला काय, आणि झाला नसल्यास का नाही, हा प्रश्न ग्रामीण विकासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

'शेतमालावर प्रक्रिया केल्यास ग्रामीण भागाचा विकास होतो' हे विधान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हमखास आढळते. ते चुकीचे नाही. मात्र अपुरे आहे. प्रक्रियेमुळे मूल्य वाढते हे खरे, पण वाढलेले मूल्य त्याच प्रदेशात राहील याची हमी प्रक्रिया देत नाही. ती हमी संस्था, कायदा आणि मालकी यांतून निर्माण होते. प्रस्तुत लेखात उसाच्या उदाहरणावरून हा मुद्दा तपासावयाचा आहे. महाराष्ट्रातील वाचकांना हे पीक परिचित असल्याने तुलनाही सोपी जाईल.

प्रक्रिया उद्योग गावात का येतो?

जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धांत मांडला. ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत मोठ्या प्रमाणावर घटते, त्याचा उद्योग कच्च्या मालाजवळ उभा राहतो, हे त्यातील एक प्रमुख सूत्र. ऊस हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १०० किलो उसापासून साधारणपणे १० ते ११ किलो साखर मिळते. सुमारे ३० किलो चिपाड, चार ते पाच किलो मळी आणि तीन ते चार किलो गाळ शिल्लक राहतो. उरते ते पाणी. एवढे ओझे दिल्ली किंवा मुंबईपर्यंत वाहून नेणे कोणासही परवडणारे नाही. शिवाय तोडणीनंतर उसातील साखरेचे विघटन सुरू होते आणि उतारा घटतो. म्हणून ऊस तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जाणे इष्ट असते. या दोन कारणांमुळे साखर कारखाना शहर सोडून शेताजवळ येतो.

१९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातशुल्काचे संरक्षण मिळाले. देशात त्यावेळी जेमतेम तीसएक असलेल्या कारखान्यांची संख्या पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेली आणि त्यातील बरेचसे उत्तर प्रदेश व बिहारमध्ये उभे राहिले. मेरठजवळील दौराला येथील कारखाना १९३२ चा. १९३३ मध्ये गुजरमल मोदी यांनी बेगमाबाद या खेड्यात साखर कारखाना काढला. त्यापाठोपाठ वनस्पती तूप, साबण, कापड असे उद्योग तेथे आले आणि बेगमाबादचे मोदीनगर झाले. आल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ मध्ये विकासाच्या व्यूहनीतीची चर्चा करताना उद्योगांमधील 'मागील' आणि 'पुढील' दुव्यांची कल्पना मांडली. कारखान्याने उसाची, यंत्रांची व वाहतुकीची मागणी निर्माण करणे हा मागील दुवा. तर मळीपासून मद्यार्क आणि चिपाडापासून वीज किंवा कागद तयार होणे हा पुढील दुवा. मोदीनगरच्या सुरुवातीच्या काळात हे दुवे स्पष्ट दिसतात. मात्र १९८० नंतरच्या काळात तेथील अनेक उद्योग बंद पडले. एका गावाचे औद्योगिक नगर करणारे भांडवल स्थानिक शेतकऱ्यांच्या मालकीचे नव्हते. ते कोठे गुंतवावे याचा निर्णयही त्यांच्या हाती नव्हता, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

एकच ग्राहक : नाण्याची दुसरी बाजू

उसाचा जो गुणधर्म कारखान्याला गावात आणतो, तोच शेतकऱ्याला कारखान्याशी बांधून ठेवतो. ऊस जड आहे आणि नाशवंत आहे. म्हणजेच तो दूरच्या ग्राहकाकडे नेता येत नाही आणि भाव वाढेपर्यंत साठवूनही ठेवता येत नाही. परिणामी एका कारखान्याच्या परिसरातील हजारो शेतकऱ्यांसमोर खरेदीदार मात्र एकच असतो. अर्थशास्त्रात या स्थितीला ग्राहक-मक्तेदारी म्हणतात. अनेक ग्राहकांसमोर एकच विक्रेता असणे ही मक्तेदारी सर्वांना ठाऊक असते. अनेक विक्रेत्यांसमोर एकच ग्राहक असणे हे तिचे उलटे रूप. शेतमालाच्या अभ्यासात हे दुसरे रूप अधिक महत्त्वाचे ठरते.

अशा स्थितीत मुक्त बाजार शेतकऱ्याला रास्त भाव देईल, अशी अपेक्षा करता येत नाही. मग उपाय कोणते? भारताच्या अनुभवातून तीन उत्तरे पुढे आली आहेत : शासनाने दर ठरवून देणे, पर्यायी ग्राहक उपलब्ध असणे आणि शेतकऱ्याने स्वतःच कारखान्याचा मालक होणे.

पहिले उत्तर : शासननिर्धारित दर

उत्तर प्रदेशने प्रामुख्याने पहिला मार्ग स्वीकारला. राज्याच्या १९५३ च्या ऊस पुरवठा व खरेदी कायद्याने प्रत्येक कारखान्यासाठी ऊसक्षेत्र राखून ठेवण्याची पद्धत घातली. शेतकऱ्यांच्या सहकारी ऊस समित्या कारखान्यांशी करार करतात आणि पुरवठ्याचे वेळापत्रक ठरवितात. या समित्यांच्या सदस्याला कोणत्या दिवशी किती ऊस आणावयाचा याची चिठ्ठी मिळते; तिला तेथे 'पर्ची' म्हणतात. अलीकडे ती भ्रमणध्वनीवर येते. या समित्या सहकारी असल्या तरी कारखान्याच्या मालक नाहीत, हा भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. राज्यातील सुमारे १२० कारखान्यांपैकी सहकारी कारखाने दोन डझनांच्या आसपास आहेत. राजधानी प्रदेशातील बागपत, रमाला आणि मोरना ही त्यांची उदाहरणे. बाकीचे बहुतेक खासगी.

दराच्या बाबतीत दोन पातळ्या आहेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार केंद्र शासन किमान दर ठरविते. २००९ पर्यंत त्यास वैधानिक किमान किंमत म्हणत. त्यानंतर त्याची जागा रास्त व किफायतशीर दराने घेतली. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास हा दर क्विंटलमागे ३५५ रुपये ठरविण्यात आला. उत्तर प्रदेश त्याहून वेगळा, सामान्यतः अधिक, असा राज्याचा दर जाहीर करते. राज्यांना असा दर ठरविण्याचा अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मान्य केले. २०२३-२४ च्या हंगामात लवकर पक्व होणाऱ्या जातींसाठी तो क्विंटलमागे ३७० रुपये होता.

दर ठरविला गेला; पण पैसे केव्हा मिळणार? नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत रक्कम दिली पाहिजे आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज दिले पाहिजे. प्रत्यक्षात साखरेचे भाव कोसळलेल्या हंगामांत ही थकबाकी महिनोन्‌महिने, क्वचित पुढील हंगामापर्यंत, राहिल्याचा या पट्ट्याचा अनुभव आहे. ऊस दराचे राजकारण जाहीर होणाऱ्या आकड्याभोवती फिरते. शेतकऱ्याचे अर्थकारण मात्र पैसे हाती येण्याच्या तारखेभोवती फिरते.

दुसरे उत्तर : गुऱ्हाळ आणि त्याचा हिशेब

मुझफ्फरनगर हे देशातील गुळाच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक होय. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत या जिल्ह्यासाठी गूळ निवडण्यात आला आहे. आपल्याकडे ज्यास गुऱ्हाळ म्हणतात, त्यास तेथे 'कोल्हू' म्हणतात. चरकात रस काढावयाचा, भेंडीसारख्या वनस्पतीच्या चिकट रसाने मळ वेगळा करावयाचा, काहिलीत रस आटवावयाचा आणि चिपाड वाळवून तेच चुलाणात जाळावयाचे, ही पद्धत कोल्हापूर व मुझफ्फरनगर येथे मुळात सारखीच आहे.

तांत्रिकदृष्ट्या गुऱ्हाळ कारखान्याच्या तुलनेत मागे आहे. आधुनिक कारखाना उसातील साखरेचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग रसात काढून घेतो. गुऱ्हाळाच्या चरकात तिचा बराच अंश चिपाडातच राहतो. म्हणून गुऱ्हाळमालक सामान्यतः कारखान्याइतका दर देऊ शकत नाही. तरीही शेतकरी गुऱ्हाळाला ऊस देतो. यामागे अज्ञान नसून हिशेब आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कारखान्याचा दर ३७० रुपये आहे, पण रक्कम उशिरा मिळणार आहे. गुऱ्हाळाचा दर ३२० रुपये आहे आणि रक्कम रोख आहे. फरक ५० रुपयांचा. शेतकऱ्यास मधल्या काळासाठी सावकाराकडून दरमहा ३ टक्क्यांनी कर्ज काढावे लागत असेल, तर ३२० रुपयांवर महिन्याचे व्याज ९ रुपये ६० पैसे होते आणि सुमारे पाच महिन्यांत ५० रुपयांचा फायदा संपतो. व्याजदर दरमहा २ टक्के असल्यास पावणेआठ महिने थांबता येईल. किसान क्रेडिट कार्डावर वार्षिक ७ टक्के दराने कर्ज मिळणारा शेतकरी मात्र दोन वर्षांहून अधिक काळ थांबला तरी तोट्यात जात नाही. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, विलंबाचा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला संस्थात्मक कर्ज मिळत नाही त्या लहान शेतकऱ्यावर आणि खंडाने जमीन कसणाऱ्यावर तो सर्वाधिक पडतो. दुसरा असा की, कायद्यातील १५ टक्के वार्षिक व्याज प्रत्यक्ष मिळाले, तरी सावकाराच्या २४ ते ३६ टक्क्यांची भरपाई त्यातून होत नाही.

गुऱ्हाळाचे आणखी एक कार्य आहे. या पट्ट्यात खोडवा ऊस तोडून त्या शेतात गहू पेरण्याची पद्धत आहे. गव्हाची पेरणी नोव्हेंबरमध्ये व्हावी लागते. कारखान्याची चिठ्ठी मात्र तिच्या क्रमाने येते. कारखान्यांआधी सुरू होणारी गुऱ्हाळे शेत वेळेवर मोकळे करून देतात. अशा रीतीने गुऱ्हाळ हा ग्राहक-मक्तेदारीला पडलेला एक छोटा छेद ठरतो. त्याचा दर कमी असला तरी त्याच्या अस्तित्वामुळे शेतकऱ्याला पर्याय मिळतो.

अर्थात त्याच्या मर्यादाही आहेत. चिपाड ओले असताना अन्य इंधन, प्रसंगी टाकाऊ प्लास्टिक, जाळले गेल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. राजधानी प्रदेशातील हवेचा प्रश्न पाहता हे चालणारे नाही. या प्रदेशातील हवा गुणवत्ता व्यवस्थापनासाठी २०२१ मध्ये कायद्याने आयोग स्थापन झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून औष्णिक वीजकेंद्रे वगळता येथील उद्योगांत कोळसा वापरण्यास बंदी आली. सुधारित चुलाण, स्वच्छ उत्पादन आणि प्रतवारी यांशिवाय गुऱ्हाळांना भवितव्य नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा नावाला खरी किंमत त्यामागील दर्जामुळेच येते.

तिसरे उत्तर : मालकी

तिसरे उत्तर महाराष्ट्राने दिले. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात भंडारदरा धरणाच्या कालव्यांमुळे ऊस पिकू लागला होता आणि आसपास खासगी कारखानेही होते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी परिसरात गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ संस्थेचे अध्यक्ष झाले आणि वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ लाभले. १९५० मध्ये प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. पुढे १९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीत काम करणारे आणि 'गाडगीळ सूत्रा'मुळे विद्यार्थ्यांना परिचित असलेले गाडगीळ ते हेच.

ग्राहक-मक्तेदारीच्या प्रश्नाला हे उत्तर मुळाशी जाऊन भिडते. ग्राहक एकच राहतो, परंतु तो विक्रेत्यांच्याच मालकीचा होतो. नफा झाला तर तो उसाच्या दरातून सभासदाकडे परत येतो किंवा संस्थेत राहतो. प्रवरेच्या परिसरात शाळा, तंत्रनिकेतन आणि रुग्णालय उभे राहिले, यामागे स्थानिक नेतृत्वाच्या दृष्टीइतकेच अधिशेष प्रदेशातच राहण्याचे हे गणित होते. मोदीनगर आणि प्रवरानगर यांची तुलना या दृष्टीने उद्‌बोधक आहे. दोन्ही ठिकाणी साखरेने खेड्याचे रूप पालटले. परंतु अधिशेषाचे काय करावयाचे, हे ठरविणारे हात वेगळे होते.

तथापि मालकी कागदावर राहिली, तर सहकारही शेतकऱ्याचे रक्षण करू शकत नाही. महाराष्ट्रातील अनेक सहकारी कारखाने गैरव्यवस्थापन, राजकीय हस्तक्षेप आणि कर्जबाजारीपणा यांमुळे आजारी पडले. काही भाड्याने दिले गेले, तर काही विकले गेले. तुटीच्या पावसाच्या प्रदेशांतही ऊस पसरला आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा थोड्या क्षेत्राकडे गेला. जेथे सभासदांनी ताळेबंद वाचला आणि प्रश्न विचारले, तेथे संस्था टिकल्या, असा साधारण अनुभव आहे.

उपउत्पादनांच्या वाटणीचा प्रश्नही मालकीशीच निगडित आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. सहवीजनिर्मिती आणि आसवनी यांमुळे कारखान्याचे उत्पन्न आता केवळ साखरेचे राहिलेले नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर व प्रमुख उपउत्पादने यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के हिस्सा शेतकऱ्यास देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊस दराच्या विनियमनाचा कायदा करून हे तत्त्व स्वीकारले.

संशोधनाचा वाटा

प्रदेशाचे उत्पन्न वाढविणारा आणखी एक घटक म्हणजे ज्ञान. ऊस पैदास संस्थेच्या कर्नाल येथील प्रादेशिक केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी विकसित केलेली 'को ०२३८' ही जात २००९ मध्ये प्रसारित झाली. उत्तर प्रदेशातील साखर उतारा एके काळी नऊ टक्क्यांच्या आसपास घोटाळत होता. या जातीच्या प्रसारानंतर तो अकरा टक्क्यांवर गेला. एकाच जातीवर विसंबण्याचे परिणामही पुढे दिसले. लाल कूज रोगाने ही जात ग्रासली आणि पर्यायी जातींकडे वळणे भाग पडले.

भात आणि दूध : वेगळे गुणधर्म, वेगळे प्रश्न

वरील विश्लेषण अन्य शेतमालास जसेच्या तसे लागू होत नाही. बासमती टिकाऊ आहे. २००३ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने प्रसारित केलेल्या 'पुसा ११२१' या जातीने हरियाणातील भातशेतीचे चित्र बदलले. भात बाजार समितीत येतो आणि अनेक गिरण्या तो विकत घेतात. त्यामुळे एकाच ग्राहकाचा प्रश्न सौम्य होतो. परंतु बासमती जुना झाला की त्याचे मोल वाढते आणि साठवणुकीची क्षमता गिरणीमालकाकडे असते. त्यामुळे मूल्यवर्धनातील मोठा भाग शेतकऱ्याच्या हातातून माल गेल्यानंतर घडतो. येथे उपाय आहे तो गोदाम, गोदाम पावतीवरील कर्ज आणि उत्पादक कंपनी यांचा.

दूध उसाहूनही नाशवंत असले तरी शीतकरणाने त्याला प्रवासाचे सामर्थ्य येते. 'दूध महापूर' योजनेत १९७४ मध्ये दिल्लीत मदर डेअरीची स्थापना झाली आणि राजधानीच्या ग्राहकाशी दूरवरच्या सहकारी दूध संघांचाही दुवा जुळला. म्हणजेच मालाचा गुणधर्म पाहून संस्था निवडली पाहिजे.

धोरणाची दिशा

अन्नप्रक्रिया उद्योग मंत्रालयाची स्थापना १९८८ मधील. २००२ मध्ये कंपनी कायद्यातील दुरुस्तीने उत्पादक कंपनीची तरतूद झाली. २०१७ मध्ये प्रधानमंत्री किसान संपदा योजना आली. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची २०२० मधील प्रधानमंत्री योजना पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, इतके कर्जाशी निगडित अनुदान देते. तीही 'एक जिल्हा एक उत्पादन' या तत्त्वावर आधारलेली आहे. सोनीपतजवळील कुंडली येथील राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेला २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था असा दर्जा मिळाला.

या योजनांचे मूल्यमापन करताना केवळ किती कारखाने उभे राहिले, हे मोजणे पुरेसे नाही. तीन कसोट्या लावाव्यात. शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत मिळतात? उपउत्पादनांच्या उत्पन्नात त्याचा वाटा आहे काय? आणि अधिशेषाची पुनर्गुंतवणूक त्या प्रदेशात होते काय? या कसोट्यांवर उतरणारा उद्योग लहान असला तरी प्रदेश वाढवितो. न उतरणारा मोठा असला तरी केवळ कच्चा माल उचलून नेतो. बागपत किंवा हापुडच्या खेड्यातील तरुण रोज पहाटे दिल्लीची वाट धरतो, तेव्हा गावात कारखाना आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न नसतो. त्या कारखान्यातून निर्माण होणाऱ्या संपत्तीत त्याच्या घराचा वाटा किती, यावर त्याचे गावात राहणे अवलंबून असते.

सरावासाठी प्रश्न

१. 'उसाचा जो गुणधर्म उद्योगाला ग्रामीण भागात आणतो, तोच ग्राहक-मक्तेदारी निर्माण करतो.' स्पष्ट करा.

२. रास्त व किफायतशीर दर आणि राज्याचा दर यांतील फरक सांगून, देयकातील विलंबाचा लहान शेतकऱ्यावर होणारा परिणाम सोदाहरण लिहा.

३. मोदीनगर आणि प्रवरानगर यांच्या अनुभवांची मालकी व पुनर्गुंतवणूक या दृष्टीने तुलना करा.